पलंगाच्या पायांचं स्टिअरिंग

गाडी 1966 ची फियाट 1100 डिलाइट. कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यातून निघालेली, 1089 सीसीची, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबाला डाव्या अंगाने. मालक डिचोलीचे निवृत्त शिक्षक. सगळा गाव त्यांना सर म्हणतो, म्हणून इथेही सरच. गाडी त्यांच्या वडिलांनी घेतली तेव्हा मांडवीवर पूल नव्हता. पणजीला जायचं तर बेतीच्या धक्क्यावर गाडी फेरीबोटीत चढवायची आणि पलीकडे उतरवायची. इंजिन, ब्रेक, पत्र्याचं काम, सीट हे सगळं सरांनी गेल्या काही वर्षांत एकेक करून उरकून घेतलं होतं. स्टिअरिंग तसंच राहिलं, कारण त्यावर रेक्झिनचं कव्हर होतं आणि कव्हराखाली काय चाललंय ते कुणी बघितलं नव्हतं.

कव्हर उसवल्यावर आतून गंजाचं तांबूस पाणी निघालं. त्या काळच्या बहुतेक स्टिअरिंगची रचना एकच: आत पोलादी कडं, त्यावर कडक प्लास्टिक ओतलेलं. प्लास्टिक उन्हाने आणि वयाने आकसतं, पोलाद आकसत नाही. त्यामुळे जिथे आरा रिमला मिळतो तिथे पहिली चीर पडते. आपल्याकडे त्या चिरेत पावसाळाभर दमट हवा जाते, आत गंज धरतो, गंज मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतो आणि चीर आणखी उघडते. सरांच्या चाकावर अशा चिरा जागोजागी होत्या आणि एका ठिकाणी कडं निम्म्याहून जास्त खाल्लेलं होतं.

चिरा इपॉक्सी पुट्टीने भरून रंग मारणं हा रुळलेला उपाय. कडं शाबूत असतं तर मी तोच सांगितला असता. स्वस्त, झटपट आणि मूळ रूप राखणारा. इथे तो मार्ग बंद होता. भंगारातून पद्मिनीचं चाक आणून बसवता आलं असतं, पण त्यांचीही गत फार वेगळी नसते. शिवाय सरांच्या मनात वेगळंच होतं. त्यांच्या माडीवर आजोबांच्या पलंगाचे शिसवाचे पाय पडून होते. पलंग कधीच मोडला होता, पाय जपून ठेवलेले. "यांचं स्टिअरिंग होईल का?" एवढाच त्यांचा प्रश्न होता.

माझ्याकडे या कामातली आखणी, आकडेमोड आणि धातूचा भाग आला. लाकूड साखळीच्या एका मेस्तांकडे, म्हणजे सुतारांकडे, गेलं. देवळांच्या खिडक्या-दारांपासून बैलगाडीच्या चाकापर्यंत सगळं केलेले गृहस्थ. त्यांनी पाय हातात घेतले, नखाने खरवडून वास घेतला आणि म्हणाले, "सर, चाक सुंदर करून देतो. पण पावसाला मी जबाबदार नाही."

ते विनोदाने म्हणाले असतील, पण सगळं प्रकरण त्या एका वाक्याभोवती फिरत राहिलं. लाकडी स्टिअरिंग म्हटलं की लोक पोत आणि चकाकी यांबद्दल बोलतात. गोव्यात तरी पहिला विचार पाण्याचा करावा लागतो, दुसरा उन्हाचा, आणि मग उरलं तर रूपाचा.

व्यासाचा वाद

सरांना 14 इंची चाक हवं होतं. चित्रांत दिसतं तसं, तीन आऱ्यांचं, आऱ्यांना भोकं पाडलेलं, इटालियन घाटाचं. या घाटाला नाव मिळवून दिलं एन्रिको नार्दींनी. त्यांच्या कारखान्याची लाकडी चाकं 1951 पासूनची. पण ती चाकं हलक्या, धावण्यासाठी बांधलेल्या गाड्यांवर शोभली. इथे पॉवर स्टिअरिंग नसलेली घरगुती मोटार होती, आणि सरांचा उजवा खांदा आखडलेला.

चाकाचा व्यास कमी केला की हाताला लागणारा जोर त्याच प्रमाणात वाढतो, हे कागदावर सांगून पटत नाही. म्हणून मरीन प्लायच्या दोन रिंगा कापल्या, एक 400 मिलिमीटरची (मूळ चाकाएवढी) आणि एक 360 ची (सरांच्या 14 इंचांच्या जवळपास). आळीपाळीने त्या जुन्या आऱ्यांवर बांधल्या आणि रिमला ताणकाटा अडकवून अंगणात गाडी अगदी सावकाश सरकवत चाक फिरवलं. मोठ्या रिंगेला काटा 9 किलोच्या आसपास राहिला, लहानीला 10. एका किलोने काय होतंय, असं सर म्हणाले खरे. मग त्यांनी स्वतः लहान रिंगेने गाडी अंगणात वळवून पाहिली आणि खाली उतरल्यावर 400 ला होकार दिला. वेगमापकाचा वरचा भाग लहान रिमच्या आड जात होता, हेही तेव्हाच लक्षात आलं.

प्लायच्या रिंगेचा आणखी एक उपयोग झाला. गिअरचा दांडा आणि रिम यांच्यामध्ये बोटं सुखरूप जायला किती फट लागते ते प्रत्यक्ष हात घालून ठरवता आलं. दांडा खांबावर असलेल्या गाडीत ही फट कमी पडली तर दुसऱ्या गिअरला जाताना दर वेळी बोटांची सालं निघतील. बाजारातली तयार चाकं अशा गाड्यांना नीट बसत नाहीत, त्याचं हेच मोठं कारण आहे.

लाकडानेच पद्धत ठरवली

लाकडी रिम करायच्या दोन चांगल्या पद्धती आहेत. पहिलीत दीड-दोन मिलिमीटर जाडीच्या लांब पट्ट्या साच्याभोवती गुंडाळत, गोंद लावत जायचं. लाकडाची रेषा, म्हणजे तंतूंची दिशा, रिमच्या कडेकडेने अखंड फिरते आणि ताकदीला ही पद्धत उत्तम. त्यासाठी निदान सव्वा मीटरच्या, बिनगाठीच्या, सरळ रेषेच्या पट्ट्या हव्यात. 400 च्या रिमचा मध्यपरिघच 1175 मिलिमीटर भरतो. पलंगाचे पाय त्याच्या निम्म्या लांबीचे, त्यात कातकामाच्या गोलाया आणि खोबणी. म्हणजे दुसरी पद्धत: लहान तुकडे सांधून कडं करायचं, दोन थरांत, वरच्या थराचे सांधे खालच्या थराच्या तुकड्यांच्या मध्यावर येतील असे.

तिसरीही एक पद्धत आहे, आणि ती करू नये. फळीतून अख्खं वर्तुळ कापून काढायचं. दिसतं झकास, पण वर्तुळाच्या दोन बाजूंना रेषा रिमला आडवी जाते आणि तिथे लाकूड जरा जोर पडला की बिस्किटासारखं मोडतं. बाजारात शोभेची म्हणून विकली जाणारी काही चाकं अशी असतात. ती भिंतीवर टांगावीत.

मेस्तांना तुकड्यांची पद्धत समजावून सांगावी लागली नाही. बैलगाडीच्या चाकाचे पाटे, म्हणजे बाहेरच्या गोलाचे तुकडे, असेच जोडलेले असतात. बाणावलीच्या 'गोवा चक्र' संग्रहालयात जुन्या गाड्यांची चाकं आहेत, तिथे हे सांधे जवळून बघता येतात. मेस्तांचं म्हणणं होतं की आठ तुकडे पुरेत. माझा आग्रह बाराचा. आठ केले तर तुकड्याच्या टोकाला रेषा रिमच्या दिशेपासून साडेबावीस अंश फिरते आणि 40 मिलिमीटर रुंदीची पट्टी लागते. बारा केले तर वाक 15 अंशांवर येतो आणि 32 ची पट्टी भागते. पायांमधून निर्दोष माल अरुंदच निघणार होता, त्यामुळे वाद लगेच मिटला. बारा गुणिले दोन, चोवीस तुकडे, प्रत्येक 110 मिलिमीटर लांब, घासायला वाव ठेवून 36 रुंद आणि 14 जाड. काही जादा कापले. किड्याची भोकं असलेले आणि पांढऱ्या काठाचे बाजूला गेले.

शिसव जुनं आणि घरचं होतं म्हणून हे सहज झालं. नवं शिसव मिळवणं ही वेगळी गोष्ट आहे. गोव्यात खासगी जमिनीतलं झाड तोडायलाही 1984 च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, आणि भारतीय शिसव सायटिस कराराच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे माल देशाबाहेर पाठवायचा झाला तर आधी नियम बघावे लागतात. कुणाला असंच चाक हवं असेल आणि घरात शिसव नसेल, तर मी जुन्या घराच्या वाशातला सागवान सुचवेन. तो हलका आहे आणि हवेप्रमाणे कमी फुगतो-आकसतो. त्याच्यात तेल असतं, म्हणून गोंद लावण्याआधी ताजा रंधा मारून ॲसिटोनने पुसून घ्यावं लागतं, एवढंच.

शिसवाची पूड मात्र वाईट. त्यातल्या काही द्रव्यांची कातडीला आणि श्वासाला ॲलर्जी होऊ शकते. मेस्तांच्या मदतनिसाला दुसऱ्याच दिवशी मनगटांवर पुरळ आलं. तेव्हापासून मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि पंख्याची दिशा दाराकडे.

पाणी आणि ऊन

लाकूड हवेशी सतत देवघेव करत असतं. पावसाळ्यात आर्द्रता 85 टक्क्यांच्या वर ठाण मांडते तेव्हा गोव्यातल्या लाकडात 17-18 टक्के पाणी मुरतं. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या दिवसांत ते 11-12 वर येतं. रिमच्या 26 मिलिमीटर जाडीत एवढ्या फरकाने, रेषा कुठल्या बाजूने आहे त्यावर, दीड ते तीन दशांश मिलिमीटरची हालचाल होते. लांबीच्या दिशेने जवळजवळ काहीच नाही. बंगल्यातल्या खुर्चीला याने फरक पडत नाही. गाडीत गोष्ट वेगळी. एप्रिलमध्ये काचा बंद करून उन्हात लावलेल्या गाडीत स्टिअरिंगचा वरचा भाग 60 अंशांच्या पुढे सहज जातो. त्या तापलेल्या हवेत रिमची साल भराभर सुकते, गाभा ओलाच राहतो, आणि साल आकसायला बघते तेव्हा गाभा तिला आकसू देत नाही. चीर तिथून सुरू होते.

आता यात धातू आणा. ॲल्युमिनिअम तापलं की लाकडाच्या लांबीच्या दिशेपेक्षा पाच-सहा पट जास्त वाढतं. 1175 मिलिमीटरच्या कड्यात 40 अंशांच्या तापाने ॲल्युमिनिअम 1.1 मिलिमीटरने लांबतं, लाकूड फार तर पाव मिलिमीटर. दोन्ही कडक गोंदाने एकजीव केले तर दर दुपारी धातू लाकडाला आतून ताणणार आणि दर रात्री सोडणार. रिम पहिल्या उन्हाळ्यात नाही तर दुसऱ्यात सांध्यावर उघडणारच. मात्र हा फरक त्रिज्येवर मांडला तर जेमतेम 0.14 मिलिमीटर होतो. म्हणजे धातूच्या कड्याला खाचेत आतून आणि बाहेरून 0.3 मिलिमीटर मोकळी जागा दिली आणि ती रबरासारख्या पॉलियुरेथेनने भरली, की लाकूड आपल्या वाटेने आणि धातू आपल्या. संपूर्ण कामात मला सर्वांत जास्त समाधान या तीन दशांशाने दिलं.

मेस्तांना मात्र ते पटेना. "मोकळं ठेवलेलं चाक खडखडतं," असं त्यांचं म्हणणं, आणि बैलगाडीच्या बाबतीत ते खरंच आहे. तिथे लोखंडी धाव तापवून चढवतात ती पाटे आवळून धरण्यासाठी. त्यांची समजूत नमुन्याने पटली. शिसवाच्या टाकाऊ तुकड्यांत ॲल्युमिनिअमच्या पट्ट्या बसवल्या, एक कडक इपॉक्सीत आणि एक पॉलियुरेथेनमध्ये, आणि दोन्ही सरांच्या गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवून दिल्या. इपॉक्सीवाल्या तुकड्याला काही दिवसांत केसाएवढी रेघ दिसू लागली.

लाकूड दिवाळीनंतर चिरलं, पण लगेच जोडलं नाही. तुकडे दोरीने सैल बांधून फियाटच्या डिकीतच ठेवले. ज्या हवेत आयुष्य काढायचं त्याच हवेत मुरू दिलेले बरे. फेब्रुवारीत मापक 12 टक्क्यांच्या जवळ स्थिर दाखवू लागला तेव्हा जोडणीला हात घातला.

जोर धातूने पेलायचा

रिम लाकडाचा दिसला तरी चाकाचा भार लाकडावर ठेवायचा नाही, हे पहिल्यापासून ठरलं होतं. अपघातात नुसता लाकडी रिम फुटला तर त्याचे भाले होतात. आत धातूचं अखंड कडं असेल तर लाकूड तडकलं तरी त्यालाच धरून राहतं.

मधली चकती, तीन आरे आणि बाहेरचं 14 मिलिमीटर रुंद कडं हे सगळं 5 मिलिमीटरच्या 6061-टी6 ॲल्युमिनिअमच्या एकाच पत्र्यातून लेझरने कापून घेतलं, वेर्णा औद्योगिक वसाहतीत. कुठेही वेल्डिंग नाही. वेल्डिंगच्या जागी या मिश्रधातूची टेंपर, म्हणजे उष्णता देऊन आणलेली कडकी, जाते आणि तो तिथे मऊ पडतो.

आऱ्याचा हिशेब साधा आहे. गाडीतून उतरताना माणूस स्टिअरिंगला धरून स्वतःला ओढतो; चाकावर येणारा सगळ्यात आडमुठा भार तोच. एकाच आऱ्याच्या टोकाला 25 किलो टांगले असं धरलं तर 245 न्यूटन, मुळापासून अंतर 0.14 मीटर, म्हणजे 34 न्यूटन-मीटर. आऱ्याचं मूळ 45 मिलिमीटर रुंद ठेवलं तर धातूत ताण 183 मेगापास्कल येतो. हा धातू कायमचा वाकायला 270 च्या पुढे लागतात. मुळाशी अरुंद केलं असतं, किंवा सरांना हवी होती तशी मोठी भोकं तिथे पाडली असती, तर ही सोय राहिली नसती. भोकं पाडली, पण रिमच्या बाजूला आणि उतरत्या मापाची. सरांनी थोडी घासाघीस केली.

खरी पंचाईत हबची, म्हणजे चाकाचा जो मधला भाग दांड्यावर बसतो त्याची. स्टिअरिंगच्या दांड्यावर बारीक दाते असतात आणि हबच्या आत तसेच; ते नव्याने कापायला ब्रोच नावाचं खास हत्यार लागतं, जे साध्या लेथवाल्याकडे नसतं. पद्मिनी हा याच गाडीचा पुढचा अवतार असल्यामुळे भंगारातून तिचं एक चाक आणलं आणि आधी दांड्यावर बसवून पाहिलं. दाते बिनचूक बसले. मग आरे कापून टाकले, हब लेथवर बाहेरून कातला, आणि त्यावर पोलादी फ्लँज, म्हणजे बोल्ट लावायची चपटी चकती, दाबून बसवली. फ्लँज फिरू नये म्हणून सांध्याच्या रेषेवरच तीन भोकं पाडून, अर्धं हबमध्ये अर्धं फ्लँजमध्ये अशा पिना ठोकल्या. लेथवाला "दोन टाके मारतो, सुटायचं नाव नाही" म्हणत होता. त्या जुन्या पोलादाची जात माहीत नसताना वेल्डिंग करून त्याच्या शेजारी तडा आणण्यापेक्षा पिना बऱ्या.

फ्लँजवरची सहा भोकं मुद्दाम 74 मिलिमीटरच्या वर्तुळावर घेतली, नार्दीच्या मापाने. मोमो या दुसऱ्या चाकवाल्या कंपनीचं माप 70. उद्या सरांना किंवा त्यांच्या मुलीला दुसरं चाक लावावंसं वाटलं तर सहा बोल्ट काढले की झालं, हबला हात लावायला नको. मूळ चाकही, कसंही असलं तरी, घरात जपून ठेवलं आहे.

ॲल्युमिनिअम पोलादावर बसतं तिथे खारट दमट हवेत ॲल्युमिनिअम खाल्लं जातं. मध्ये झिंकचा प्रायमर दिला आणि बोल्टांना ग्रीस. जुन्या गाडीत टक्कर झाली तरी स्टिअरिंगचा खांब दबत नाही. अमेरिकेतही दबणाऱ्या खांबाचा आणि छातीला सोसेल अशा चाकाचा नियम 1968 ला आला, ही गाडी त्याआधीची. म्हणून हॉर्नचं बटण उंच टोकदार न घेता पसरट घेतलं, फ्लँजभर.

चोवीस तुकड्यांचं कडं

बारा तुकड्यांच्या एका थराला चोवीस कापलेली टोकं असतात. प्रत्येक टोकाला पाव अंशाची चूक झाली तर शेवटी सहा अंश उरतात, म्हणजे रिमच्या मध्यावर जवळजवळ 20 मिलिमीटरची फट किंवा तितकाच चढाव. कितीही चांगली करवत असली तरी पाव अंश ही काही मोठी गोष्ट नाही. मेस्तांनी दोन युक्त्या केल्या. करवतीवर फक्त जवळपास कापायचं आणि 15 अंशाच्या लाकडी ठोकळ्याला टेकवून प्रत्येक टोक रंध्याने हातावर आणायचं. आणि पूर्ण वर्तुळ एकदम जोडायचंच नाही. सहा-सहाचे दोन अर्धे गोल करायचे, ते वाळू द्यायचे, मग सगळी साठलेली चूक त्यांच्या चार उघड्या टोकांवर काढायची. अर्धा गोल सपाट पाटावर धरून दोन्ही टोकं एकाच रेषेत रंधली की समोरचा अर्धा त्याला बिनफटीचा भिडतो. ही दुसरी युक्ती मी सुचवायच्या आत त्यांनी केलेली होती.

शिकंजे गोल वस्तूला बसत नाहीत. सायकलच्या ट्यूबच्या लांब पट्ट्या कापून त्या ताणून गुंडाळल्या. दाब सगळीकडून सारखा.

गोंदाची निवड उन्हानेच केली. पांढरा गोंद सांध्याला चांगला धरतो, पण 60 अंशांत मऊ पडून सततच्या ताणाखाली सरकू लागतो. इपॉक्सीही साध्या हवेत सुकवलेला असेल तर तापल्यावर नरमतो, मात्र तो आधीच गरम करून पक्का केला तर त्याची सोसण्याची पातळी वर जाते. गोव्यात लाकूड आणि इपॉक्सी यांचं सूत जुळवणारे हात आहेतच. दिवाडीच्या गोदीत बांधलेली 'म्हादेई' ही नौदलाची शिडाची नौका, जिच्यावर दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तीही लाकूड आणि इपॉक्सीचीच. आम्ही प्लायच्या पेटीत जुने पिवळे बल्ब लावून, तापमापक ठेवून, जोडलेले थर 60 अंशांवर काही तास शेकले.

खालच्या थरात राउटरने 5.4 मिलिमीटर खोल खाच पाडली, तीन ठिकाणी आऱ्यांना बाहेर पडायला वाट ठेवली, धातूचं कडं पॉलियुरेथेनमध्ये बसवलं आणि वरचा थर अर्ध्या तुकड्याने फिरवून इपॉक्सीने चिकटवला. कड्याच्या आत-बाहेर लाकडाला लाकूड भिडायला जवळजवळ सहा-सहा मिलिमीटर मिळाले. मागून प्रत्येक तुकड्याला एक स्टेनलेस स्क्रू, धातूतलं भोक अर्ध्या मिलिमीटरने सैल, आणि डोक्यावर शिसवाचं बूच.

मग गोलाई. राउटरने ओबडधोबड, पुढे कानस आणि पॉलिश पेपर. बोटांच्या खाचा पाठीमागून कोरल्या त्या सरांना गाडीत बसवून, रिमवर पेन्सिलने त्यांच्या बोटांच्या खुणा करून. मेस्तांनी यावर जेवढा वेळ घालवला तेवढा जोडणीवरही नाही. मला तो जरा जास्त वाटला, पण चाक हातात घेतल्यावर काही बोललो नाही.

पॉलिश

लाखेचं पॉलिश शिसवावर सगळ्यात देखणं दिसतं आणि स्टिअरिंगवर सगळ्यात लवकर मरतं. घाम, दमट हवा, सॅनिटायझरचा हात, कशानेही ते पांढुरकं किंवा चिकट होतं. मेस्तांनी काजूच्या टरफलाच्या तेलाची आठवण काढली. होड्यांच्या लाकडाला ते लावतात आणि लाकूड टिकतं, हे खरं. पण ते तेल कातडीला भाजतं, फोड आणतं. हातात धरायच्या वस्तूला ते कधीही लावू नये. शेवटी निवडलं दोन भाग मिसळून लावायचं पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश, उन्हातल्या अतिनील किरणांना सोसणारं. पहिले दोन हात पातळ करून, लाकडात मुरतील असे; त्यावर चार, प्रत्येक दोनांमध्ये बारीक पेपर. शेवटचा हात पूर्ण चकाकीचा न देता साटिन दिला, घामट तळव्यातून सटकू नये म्हणून. पीयू पाणी थांबवत नाही, फक्त त्याचा वेग कमी करतं. आपल्याला तेवढंच हवं होतं.

बसवणं आणि त्यानंतरचा पावसाळा

आधी बॅटरीची तार काढली, पुढची चाकं सरळ करून दांड्यावर आणि हबवर रंगाची खूण केली. जुना हब पुलर (खेचून काढायचं हत्यार) लावूनच ओढला. हातोड्याने ठोकला असता तर तो मार खालच्या स्टिअरिंग पेटीच्या बेअरिंगवर गेला असता.

गाडीवर चढवण्याआधी वर्कशॉपमध्ये हब आडवा पकडून एका आऱ्याच्या टोकाला उकड्या तांदळाची 25 किलोची गोणी टांगली आणि बारीकशी हालचालही दाखवणारा डायल गेज लावला. गोणी उतरल्यावर काटा शून्यावर परत आला. तिन्ही आऱ्यांना तसंच. रिमचा डुगडुग अर्ध्या मिलिमीटरच्या आत होता.

ऑक्टोबरमध्ये परत मोजलं. रिमची जाडी 0.2 मिलिमीटरने वाढलेली, म्हणजे हिशेबाप्रमाणे. वरच्या बाजूला, जिथे ऊन थेट पडतं, एका सांध्यावर पॉलिशमध्ये सुईएवढी रेघ. सांधा उघडलेला नव्हता, फक्त साल हलली होती. तेवढ्यापुरतं घासून दोन हात परत दिले. मेस्तांनी भिंग लावून बघितलं आणि पावसाची जबाबदारी थोडी घ्यायला तयार झाले. सर आता गाडी उभी केली की चाकावर पंचा टाकतात, दर वर्षी मृगाच्या आधी सहा बोल्ट तपासायचे असं ठरलं आहे, आणि कव्हर, कुठलंही, लावायचं नाही. कव्हराखाली पाणी साठतं.

विंटेज नोंदणीचं कुणी ना कुणी विचारतंच. 2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे 50 वर्षांपुढच्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा क्रमांक मिळतो, नव्या नोंदणीला 20,000 रुपये, फेरनोंदणीला 5,000. त्यात सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठे बदल चालत नाहीत. स्टिअरिंगचा रिम त्या यादीत नाही. पण अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही, आणि सरांना तर गाडी घेऊन बाजाराला जायचं असतं. त्यामुळे त्यांनी साधी नोंदणीच ठेवली.

चाक बघून मडगावहून एक तरुण आला, स्वतःच्या नव्या हॅचबॅकला असंच हवं म्हणून. मेस्तांनी त्याला सरळ सांगितलं, "बाब, तुझ्या गाडीच्या चाकात एअरबॅग आहे. ती काढून मी लाकूड देणार नाही." तो गिअरच्या मुठीची ऑर्डर देऊन गेला. सरांच्या परवानगीने तिला पलंगाच्या पायांतलेच बाजूला टाकलेले तुकडे वापरायचे ठरलं आहे. मुठीला किड्याचं एखादं भोक चालतं.